नेपाळला कधी जावं

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी माझं गाव, पगार, लग्न यातलं काहीच विचारलं नाही. ओट्यावर बसल्या बसल्या त्यांनी मला वहाणांपासून टोपीपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमाले हीव किती सोसते?"

हीव म्हणजे थंडी. मी अमरावतीचा, त्यामुळे शब्द परका नव्हता. पण मृगाच्या आधीचं ते ऊन, रस्त्यावरच्या फुफाट्यात कुत्रीसुद्धा पाय टेकवायला तयार नव्हती, आणि अशा दुपारी वाशीमकडच्या मालेगावात कुणी हिवाची चौकशी करील असं वाटलं नव्हतं. मी म्हणालो, "बरीच सोसते."

"बरीच म्हंजे? पौषातली का माघातली?"

"पौषातली," मी अंदाजानं म्हणालो.

"मंग राहा," ते म्हणाले, आणि किल्ली काढून दिली.

गावात सगळे त्यांना बापू म्हणत. मीही तेवढंच म्हणतो. किन्हीराजाच्या वाटेवर त्यांची काळी, कसदार जमीन होती. मुली आपापल्या सासरी नांदत होत्या, घरात बापू आणि काकू दोघंच. बापू तुराटीसारखे उंच आणि वाळके, आवाज मात्र शिवारभर हाळी द्यावी असा. आयुष्यात त्यांचा एकच मोठा बेत होता, तो म्हणजे नेपाळ पाहायचा. जायचं पक्कं होतं. कोणत्या गाडीनं, कोणत्या वाटेनं, सोबत काय न्यायचं, हेही पक्कं होतं. फक्त कधी जायचं ते ठरत नव्हतं. मी राहायला गेलो तेव्हा हा विचार सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती.

सुरुवात एका गुरख्यापासून झाली. कापसाच्या जिनावर एक गुरखा पहारेकरी होता. त्याची आणि बापूंची दोस्ती जमली. नोकरी सोडून गावी निघाला तेव्हा बापू त्याला बसपर्यंत पोचवायला गेले. बसच्या पायरीवरून तो म्हणाला, "बापूजी, हमारे मुलुक आना." बापूंनी विचारलं, "कब आऊँ?" बस सुरू झाली होती. त्यानं हसत सांगितलं, "मौसम देखके आना."

दुसरा कुणी असता तर हे शब्द रस्त्यावरच विसरला असता. बापूंनी ते आज्ञा म्हणून घरी आणले.

तेव्हापासून ते मौसम पाहत होते. हिवाळ्यात जावं तर तिकडे बर्फ पडतो, वाटा बुजतात आणि इकडे कापसाची वेचणी असते. उन्हाळ्यात जावं तर हवेत धूळ, डोंगर झाकलेले. पावसाळ्याला ते पानकळा म्हणत. पानकळ्यात दरडी कोसळतात, जळवा लागतात, आणि इकडे पेरणी. राहिला दसऱ्यानंतरचा महिना. तो सर्वांत उत्तम, आकाश धुतल्यासारखं, पण तेव्हाच ज्वारी निसवते, कणसं राखावी लागतात, आणि शिवाय, बापू आवाज खाली आणून सांगत, "जो मोसम सगळे चांगला म्हंतात, त्यात कायतरी गोम अस्तेच."

"ठिकाण कुठी पळून जात नाई, मास्तर," हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. "मोसम पळून जाते. म्हनून मोसम आधी पाह्यचा."

बाहेरगावचा कुणीही माणूस ओट्यासमोरून सुखासुखी जात नसे. रजेवर आलेला फौजी असो, हिंग विकणारा असो, बापू त्याला बसवून चहा पाजत आणि त्याच्या मुलखातला फाल्गुन कसा असतो ते विचारत. एकदा एक जटाधारी साधू आला. हिमालयात तप करून आलो, असं त्यानं दारातच सांगितलं. बापूंचे डोळे लकाकले. त्यांनी पाट मांडला, दूध आणवलं आणि मग वकिलासारखी उलटतपासणी सुरू केली.

"महाराज, तप कोन्या महिन्यात केलं?"

"बारमाही, बेटा."

"बरं. मार्गशीर्षात पाहाड दिसत होता का धुकं होतं?"

"डोळे मिटलेले असायचे."

"श्रावणात तरी उघडले असतीन?"

साधू जरा हलला. बापूंनी जळवांचं विचारलं. वाऱ्याची दिशा विचारली. शेवटी महाराज "आलोच" म्हणून परसात गेले आणि तिकडच्या तिकडे कुंपणातून निसटले. दूध तसंच राहिलं. काकूंनी ते मांजरीला घातलं आणि म्हणाल्या, "एवढा तपी मानूस, पन तुमच्यापुढं नाई टिकला."

काकू बोलत थोडं. ओट्यावर पुरुषांची बैठक, त्या दाराच्या आत, सूप घेऊन पाखडत बसलेल्या. नेपाळचे बारा महिने त्यांच्या कानांवरून इतक्या वेळा गेले होते की बापू अडखळले तर आतून शब्द येई: "आश्विन." बापू तो उचलून पुढे चालू लागत.

वाशीमच्या बाजारातून त्यांनी पलटणीतला जुना लोकरी कोट आणला होता. गुडघ्याच्या खाली येणारा, पितळी बटनांचा. तो कोट ते वैशाखात घालून बसत.

"बापू, घाम येतोय तुम्हाला," मी म्हणायचो.

"येऊ द्या. आंगाले सवय लागली पाह्यजे."

"थंडीची सवय गरमीत कशी लागेल?"

"सवय कोटाची लावून राह्यलो. थंडीची तिथं लागन."

 

थंडीची सवय मात्र त्यांनी पुढच्या चैत्रात लावून घ्यायचं ठरवलं. अकोल्याला बर्फाचा कारखाना होता. एका रविवारी मला घेऊन ते पहिल्या बसनं निघाले. तोवर मला ठाऊक नव्हतं की मेडशीचा घाट आला की बापूंना भोवळ येते. पहिल्याच वळणावर त्यांनी डोळे मिटले आणि माझा दंड धरला. पातूर येईपर्यंत त्यांच्या चेहऱ्याचा रंग कच्च्या पपईसारखा झाला होता. मी भीत भीत म्हणालो, "बापू, हा एवढासा घाट. तिकडे हिमालय आहे."

त्यांनी डोळे न उघडता सांगितलं, "एवढासा हाये म्हनूनच तरास होते. मोठ्या पाहाडाचे वळनंबी मोठे अस्तेत. समजत बी नाईत."

बर्फाची एक सबंध लादी घेतली. भुशात लोळवली, वर पोती गुंडाळली आणि बसच्या टपावर चढवली. परतीच्या वाटेवर टपावरून पाणी ओघळून खिडक्यांवर येऊ लागलं. आकाश कोरडं ठणठणीत. मागच्या बाकावरची एक म्हातारी हात बाहेर काढून पाहत होती आणि कपाळाला लावत होती. कंडक्टरनं बापूंना विचारलं, "वर काय हाये?"

"मार्गशीर्ष," बापू म्हणाले.

घरी पोचेपर्यंत त्या मार्गशीर्षाचं निम्मं पाणी झालं होतं. उरलेलं ओट्यावर ठेवलं. गल्ली जमली. बापूंनी कोट चढवला, बटनं लावली, वहाणा काढल्या आणि दोन्ही पायांनी बर्फावर उभे राहिले. क्षणभर चेहऱ्यावर असं समाधान आलं, जसं अभिषेक चालू असताना पुजाऱ्याच्या चेहऱ्यावर येतं. मग तोंड वाकडं झालं. मग डावा पाय वर, मग उजवा. पोट्टे टाळ्या पिटू लागले, कारण बापू नाचताहेत असंच कुणालाही वाटलं असतं. काकू दारात आल्या.

"उतरा आता. सरदी व्हईन."

"थांब. पाहाडात असंच राहा लागते."

"पाहाडात लोक जोडे घालतेत."

बापू विचारात पडले. हा मुद्दा त्यांच्या ध्यानात आला नव्हता. तेवढ्यात त्यांचा पाय घसरला आणि ते कोटासकट बर्फावर बसले. काकू हसल्या नाहीत. आत गेल्या, मुसळ घेऊन आल्या, नवऱ्याला बाजूला केलं, लादी फोडली आणि कैरीच्या पन्ह्यात टाकून सगळ्या गल्लीला वाटली. त्या दुपारी आमच्या आळीत जितकी माणसं हसली तितकी मी नंतर लग्नाकार्यातही पाहिली नाहीत. बापू स्वतः तीन पेले प्याले आणि म्हणाले, "मार्गशीर्ष नको. पायाले झोंबते."

याच उत्साहाच्या भरात त्यांनी चढाईची तालीम काढली. किन्हीराजाकडे एक टेकडी आहे, शेळ्या चरतात एवढीच. पहाडात माणसं एकमेकांना दोरानं बांधून चढतात, हे मीच कधीतरी सांगून बसलो होतो. बापूंनी बैलाचा कासरा आणला, एक टोक स्वतःच्या कमरेला, दुसरं माझ्या. मी शाळेत भूगोल शिकवणारा माणूस, धोतर खोचून त्यांच्या मागे ओढला जात होतो. वाटेत गवत कापणारी एक बाई उभी राहिली. तिनं आम्हाला नीट पाहून घेतलं.

"बापू, मास्तरले बांधून कुठी नेऊन राह्यले? चोरी केली काय त्यायनं?"

"नेपाळात नेऊन राह्यलो," बापू थांबून म्हणाले.

"मंग जाऊ द्या त्यायले," ती कळवळून म्हणाली. "लहान हायेत. पुन्हा नाई करनार."

माथ्यावर पोचल्यावर बापूंनी हात कपाळावर धरून चारी दिशांना पाहिलं. पऱ्हाटीची वावरं, मालेगावची घरं, धुळीत पळणारी एक बस. त्यांना दम लागला होता.  मग म्हणाले, "मास्तर, एवढ्यावर चढलं तरी किती दिसते. थो तं केवढा असन." त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की या माणसाला खरंच जायचं आहे.

आणि मग एका माघात काकू निघाल्या.

काकूंचे भाऊ केनवडचे. त्यांच्या गावची काही मंडळी काशीला चालली होती, तिथून पुढे शिवरात्रीला पशुपतिनाथ. भाऊ निरोप घेऊन आले. काकूंनी बापूंचं जेवण होऊ दिलं, हातावर सुपारी ठेवली आणि विचारलं, "मी जाऊन येऊ काय?"

"कुठी?"

"नेपाळात."

बापूंच्या हातातली सुपारी तशीच राहिली. "आता? माघात? माघात धुकं अस्ते वं. आंग आखडून जाईन. एवढ्या दूर जाऊन काईच दिसनार नाई."

"देव तं दिसन," काकू म्हणाल्या. "थो तं गाभाऱ्यात अस्ते. तिथं कायचं धुकं?"

त्या भावाबरोबर गेल्या. कोट न्यायला बापूंनी परोपरीनं सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यात मी हरवीन. एक गोधडी, भाकरी, ठेचा आणि जाड शेव घेऊन त्या बसमध्ये बसल्या.

पुढचे दिवस बापूंचे बघवत नव्हते. मीठ कुठल्या डब्यात आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. माझ्या खोलीत येऊन माझी करपलेली खिचडी खात आणि विचारत, "आता कुठी असन थे?" मी नकाशा काढून बोट ठेवायचो. त्या बोटाशेजारी ते आपलं बोट ठेवून बसायचे. पांघरूण घेणं त्यांनी बंद केलं. ती तिथं हिवात असताना मी इथं कायले पांघरू, असं म्हणायचे. परिणाम असा झाला की काकू उन्हानं तांबूस होऊन, ताज्यातवान्या परत आल्या तेव्हा बापू अंथरुणात शिंकत पडले होते.

त्यांनी उठून पहिला प्रश्न विचारला, "धुकं होतं ना?"

"होतं," काकू म्हणाल्या.

"हीव?"

"लय."

"म्हनलं होतं," बापू म्हणाले, आणि त्यांची सर्दी त्याच संध्याकाळी बरी झाली. काकूंनी रुद्राक्ष वाटले, प्रसाद वाटला आणि पुन्हा सूप घेऊन दाराच्या आत बसल्या. जणू त्या नदीवरून पाणी घेऊन आल्या होत्या.

आषाढ लागला. पेरण्या चालल्या होत्या. गावात नवे पोस्टमास्तर आले होते आणि बापूंची कीर्ती ऐकून ओट्यावर आले होते. बोलता बोलता म्हणाले, की त्यांनाही सवड काढून शिवरात्रीच्या सुमारास नेपाळला जावंसं वाटतं.

बापू खुलले. "सगळं करा, पन शिवरात्रीले जाऊ नका. आमच्या घरचं मानूस जाऊन आलं. माघात थो पाहाड दिसत नाई. दिसत नाई म्हंजे नाई."

"दिसते," आतून आवाज आला.

 काकू सूप खाली ठेवून उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या.

"काय म्हनली?"

"दिसते म्हनलं. मी पाह्यला."

"कवा?"

"परत येतानी. घाटात टरक तापला, डायवर पानी आनाले गेला. मी खाली उतरून बसली."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तुमी कुठी इचारलं? तुमी धुकं इचारलं. धुकं होतं. हीव इचारलं. हीव बी होतं."

 पोस्टमास्तर चपला शोधू लागले. मला वाटलं, आता हा माणूस रागावेल किंवा रडेल. पण बापू सरकून उंबऱ्याजवळ गेले आणि अगदी हळू, परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "कसा हाये थो?"

काकूंनी हात वर केले. खाली घेतले. "पांढरा... कापसाच्या गंजीवानी... नाई, तसा नाई." त्या थांबल्या. "आधी ढगच वाटले. मंग वारं आलं. ढग सरकले, पन मांगचे काई हालत नव्हते. मी दादाले म्हनलं, अरे, थे ढग काहून हालत नाईत? थो म्हने, बाई, थे ढग नाईत." एवढं बोलून त्यांना हसू फुटलं. पदर तोंडाला लावून त्या हसत राहिल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मधूनमधून हातानं आभाळात काहीतरी केवढं तरी दाखवत राहिल्या.

"मंग?" बापू म्हणाले.

"मंग काय. टरक चालू झाला."

बापू उठले. त्यांनी धोतर झटकलं.

"चाल."

"कुठी?"

"सकाळची पह्यली बस हाये."

"अवो, पेरनी चालू हाये."

"सालदार हाये पेराले."

"पानकळा हाये. काईच दिसत नाई, तुमीच म्हंता."

"तुले ठाव हाये ना, थो कुठी हाये?" बापू म्हणाले. "तू दाखवजो."

दुसऱ्या दिवशी भर पावसात ती दोघं गेली. सगळं गाव बसपाशी आलं होतं. कुणाचा विश्वास बसत नव्हता. बापूंचा कोट भिजून इतका जड झाला होता की आम्ही तिघांनी धरून त्यांना पायरीवर चढवलं. बस हलली तसे त्यांनी डोळे मिटले. मेडशीचा घाट अजून लांब होता, पण त्यांनी तयारी सुरू केली असावी. काकू खिडकीशी होत्या, आणि त्यांच्या मांडीवर सुपाएवढी भाकऱ्यांची चवड होती.

पोळा होऊन गेला. माणसांचा पत्ता नाही. सालदारानं पेरलेलं चांगलं कमरेइतकं आलं. मग एका दुपारी अकोल्याच्या बसमधून ती दोघं उतरली. बापू काळवंडले होते, कोट नव्हता, एका पायात जोडा होता आणि दुसऱ्या पायाला गवताची दोरी वळून केलेली कसलीतरी चप्पल. ते लंगडत नव्हते, पण चाल एका बाजूला तिरपी होती. चेहरा असा की नुकतंच लग्न लावून आलेत.

ओटा भरायला वेळ लागला नाही. पोस्टमास्तर सर्वांत पुढे. त्यांनी विचारलं, "मग, दिसला का?"

"नाई," बापू म्हणाले.

"एकदाही नाही?"

"एकदा बी नाई. ढगच ढग."

मग ते सांगू लागले. घाटात दरड कोसळली, रस्ता वाहून गेला, मागे जाता येईना, पुढे जाता येईना. खालच्या वाडीत एका घरानं त्यांना ठेवून घेतलं. गुरख्याचं गाव अजून किती तरी दिवसांच्या पायवाटेवर. तिकडे जाणाऱ्या एका माणसाबरोबर निरोप धाडला, की बापू येऊन गेला. त्या घरी भाताची रोवणी चालली होती. बसून काय खायचं, म्हणून हे दोघं चिखलात उतरले. आपली पेरणी सालदारावर टाकून आलेला हा कोरडवाहू मालेगावचा माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून परक्याचं भात लावत होता, आणि त्या घरच्या पोरी त्याच्या वाकड्या ओळी पाहून बांधावर लोळून हसत होत्या. जळवा लागल्या. बापूंनी धोतर वर करून खुणा दाखवल्या. फौजी माणूस गोळीच्या खुणा दाखवतो तशा. कोट त्यांनी त्या घरच्या म्हाताऱ्याला देऊन टाकला होता.

"आन् रोज सकाळी," बापू म्हणाले, "हे तुमची काकू मले बांधावर नेऊन उभं करे. बोट दाखवे. म्हने, थो तिथं हाये, त्या ढगाच्या मांगं. मी पाहो."

"काय पाहत होता? ढग?"

"तिथंच पाहो," बापू म्हणाले. "थे सांगे, मी पाहो."

काकू या वेळी दाराच्या आत नव्हत्या. प्रवासाच्या थकव्यानं म्हणा किंवा सवय मोडल्यामुळे म्हणा, त्या ओट्यावरच, बापूंच्या शेजारी पाय मोकळे सोडून बसल्या होत्या. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पोस्टमास्तरांनी घसा साफ केला. "मग बापू, आता तुम्ही स्वतः जाऊन आलात. नेमकं सांगा. आम्ही कोणत्या मोसमात जावं?"

 बापूंनी आभाळाकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलू लागले, आणि मला धाकधूक वाटली, की आता चैत्रापासून सुरू होणार.

"तुमची बायको म्हनन तवा जा," ते म्हणाले.

"आन् जोडे दोन जोड घेऊन जा," काकू म्हणाल्या. "यायचा एक जोडा त्या भाताच्या चिखलात गेला, थो काई सापडला नाई. आतापावतर उगवला असन."